पांढऱ्या स्वेटरचा हेवा

मित्रांनो, मी निलंग्याकडची एक जुनी घोंगडी. रंग काळा, काठाला तांबडी रेघ, अंग खरखरीत. आज मी माझ्या गावापासून हजारो मैल लांब, डेन्मार्क नावाच्या देशातल्या एका इवल्याशा बेटावर राहते. माझी हकिकत सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकते. मी मोठी हेवेखोर आहे. दुसऱ्या घोंगड्या ऊब देतात आणि गप्प राहतात. मला ते कधी जमलं नाही.

माझी लोकर काळ्या मेंढ्यांची. धनगरांनी ती कातरली, त्यांच्या बायकांनी पिंजून कातली आणि निलंग्याजवळच्या एका म्हाताऱ्या विणकरानं चिंचोक्याची खळ लावून मला मागावर विणलं. तो विणताना सारखा खोकायचा. पण धागा एकदाही तुटू दिला नाही. शेतकरी वीरण्णानं मला विकत घेतलं तेव्हा त्याची मुलगी सृष्टी सहा महिन्यांची होती. घरी आल्या आल्या त्यानं तिला माझ्यावर बसवलं आणि ती भोकाड पसरून रडली. पहिल्याच भेटीत मी तिला टोचले होते. तिची आई रत्नम्मा हसून म्हणाली, "सवय व्हईल." खरंच झाली. दोन महिन्यांनी ती माझ्याशिवाय झोपेना.

ती माझी खरी वैभवाची वर्षं. वीरण्णा हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला मला खांद्यावर टाकून जाई. पाऊस आला की मला दुमडून डोक्यावरून खोळ करी. थेंब माझ्या अंगावरून घरंगळून जात. घरी मठाचे स्वामी आले की त्यांना बसायला मीच. गावात कुणाची सोयरीक जमायची असली की शेजारीपाजारी मला मागून नेत. "वीरण्णाची घोंगडी" म्हटलं की माझ्या काठाची तांबडी रेघ अधिकच तांबडी होई, असं मला वाटे.

सृष्टी आठवीत गेली आणि लातूरहून एक ब्लँकेट आलं. त्यावर वाघाचं चित्र होतं. इतकं मऊ, की घरातला प्रत्येक जण त्यावरून एकदा तरी हात फिरवून गेला. रात्री सृष्टीनं मला पायानं ढकललं आणि वाघाला जवळ ओढलं. मला माळ्यावर सोयाबीनच्या पोत्यांवर टाकलं. त्या ब्लँकेटला उंदरांनी खावं, असं मी रोज मनात म्हणायची. उंदीर आले, पण सोयाबीन खाऊन निघून गेले.

पुढं सृष्टीनं लातूरला शेतीचं शिक्षण घेतलं. तिला डेन्मार्कातल्या एका बेटावर, मेंढ्यांच्या शेतावर दीड वर्ष शिकाऊ म्हणून काम मिळालं. बॅग भरताना रत्नम्मानं मला माळ्यावरून खाली काढलं. सृष्टी आईला अव्वा म्हणते आणि वडिलांना अप्पा. ती म्हणाली, "अव्वा, ती घोंगडी नको. तिला वास येतो."

"वास येतो तर येऊ दे. घरचा हाय."

"तिकडं खोल्या गरम असत्यात गं."

"खोल्या गरम असत्यात. माणूस काय दिवसभर खोलीतच बसून राहतंय?"

बॅगेचं वजन जास्त भरलं. रत्नम्मानं ज्वारीचं पीठ बाहेर काढलं आणि मला आत कोंबलं. मी शेवटचं वर पाहिलं तर वाघाचं ब्लँकेट पलंगावर पसरलेलं होतं. त्याला कुणी विमानात नेत नव्हतं. इतका गोड आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

त्या बेटाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. तिथं शंभरही माणसं राहत नाहीत. एक दुकान, एक पांढरं चर्च आणि एक बोट. बोट आली तर टपाल, पाव, डॉक्टर, पाहुणे. वारा सुटला की काहीच नाही. त्यामुळं माणसं सकाळी उठून आधी झाडांच्या शेंड्यांकडं बघतात. शाळा मुलांअभावी बंद झालेली. चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि त्यातला घोटभरही पिता येत नाही. लातूरकडच्या घोंगडीला हे पचायला वेळ लागला.

शेताची मालकीण इंगा. वय त्र्याहत्तर, उंच, हात वीरण्णाएवढे मोठे. तिचा नवरा खलाशी होता; तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती आणि सृष्टी इंग्रजीत बोलत. कानावर पडून पडून मलाही ते कळायला लागलं. इंगाच्या खिडकीत चिनी मातीची दोन कुत्री होती. त्या बेटावर जुनी रीत अशी, की घरचा माणूस समुद्रावर गेला की कुत्र्यांची तोंडं बाहेर करायची आणि तो परतला की आत. नवरा वारल्यापासून इंगाची दोन्ही कुत्री समुद्राकडं बघत होती. सृष्टी आल्यावर आठवड्यानं इंगानं त्यातलं एक उचललं आणि घराकडं तोंड करून ठेवलं.

सृष्टीनं हे कौतुकानं फोनवर सांगितलं. पलीकडं रत्नम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती कोण लागती गं तुझी, कुत्रं फिरवायला?"

मला तेव्हा इंगाचा राग आला नाही. कारण तो उन्हाळा माझा होता. तेवीस जूनच्या संध्याकाळी सगळं बेट किनाऱ्यावर जमलं. लाकडांची मोठी रास रचलेली, तिच्या टोकावर गवताची चेटकीण. आग पेटवली, चेटकीण जळाली, म्हाताऱ्या माणसांनी हातात कागद धरून गाणी म्हटली. रात्रीचे दहा वाजले तरी आकाश उजळ होतं. सृष्टीला आपली होळी आठवली. पण बोंब मारायची तिला लाज वाटली. समुद्रावरून गार वारा आला आणि तिनं मला खांद्यावर घेतलं. बेटावरच्या बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. लोकर ओळखणाऱ्या बायका त्या! कुणी धागा उलटून पाहिला, कुणी मला नाकाला लावलं. "मेंढी," एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी ताठ झाले. वाघाच्या ब्लँकेटला हा मान सात जन्मांत मिळाला नसता.

नोव्हेंबरात सृष्टीचा वाढदिवस आला. तिथं वाढदिवसाला अंगणातल्या खांबावर झेंडा चढवतात. इंगानं भल्या सकाळी झेंडा चढवला, केकवर मेणबत्त्या लावल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी सृष्टीच्या हातात दिलं.

तो स्वेटर होता. इंगाच्याच मेंढ्यांच्या लोकरीचा, पांढरा, छातीवर निळ्या चांदण्यांची ओळ. ती नक्षी इंगाच्या आईची होती. ज्या गुरुवारी बायका विणायला जमत, त्या प्रत्येक गुरुवारी इंगानं तो सृष्टीपासून लपवून विणला होता. सृष्टीनं तो घातला, गालाला लावला आणि म्हणाली, "हा टोचतच नाही!"

मित्रांनो, ते वाक्य मला सुरीसारखं लागलं.

हिवाळ्यात तिथं सूर्य नऊ वाजता उगवतो आणि साडेतीनला जातो. सृष्टी गोठ्यात, दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडं त्या स्वेटरमध्ये दिसू लागली. तो धुतला की इंगा त्याला टॉवेलवर आडवा निजवून हळूहळू वाळवायची, जणू बाळच. मी मात्र पलंगावरून खुर्चीवर आले. खुर्चीवरून मागच्या दाराजवळच्या खुंटीवर, रेनकोटांच्या गर्दीत. येता-जाता तो स्वेटर माझ्यासमोरून जायचा. त्याला काटा लागावा, तो उसवावा, कुठं तरी फाटून चिंध्या व्हाव्यात, असं मी त्याला रोज म्हणायची.

मे महिन्यात झाडांना पालवी फुटली तेव्हा बेटावरच्या माणसांनी एक उंच खांब हिरव्या पाल्यानं आणि फुलांच्या वेढ्यांनी सजवला, दोर लावून उभा केला आणि त्याच्याभोवती नाच झाला. सृष्टीनं घरी फोटो पाठवला. अंगात स्वेटर, डोक्यावर फुलं, गळ्यात इंगाचा हात.

संध्याकाळी फोन आला. "ती बाई तुझ्या गळ्यात हात टाकून हुबी हाय," रत्नम्मा म्हणाली.

"अव्वा, फोटोला तसंच उभं राहतात."

"मला शिकवू नको. जेवली का?"

"हो. इंगानं मासे केले होते... म्हणजे तिनं तिच्यासाठी. मला बटाटे दिले."

"इंगा, इंगा, इंगा. आमच्या घरात देवाचं नाव बी एवढं घेत न्हाईत."

खुंटीवर लटकल्या लटकल्या मला बरं वाटलं. या जगात जळणारी मी एकटीच नव्हते.

आणि मग सप्टेंबरात ते घडलं. इंगाचा कुत्रा बामसे म्हातारा झाला होता. त्याचे सांधे दुखायचे. कित्येक महिने खुंटीवर एक काळी जाड घोंगडी नुसती लटकते आहे, हे इंगानं पाहिलं. तिनं मला काढलं आणि स्वयंपाकघरात शेगडीजवळ बामसेसाठी अंथरलं. तिला काय ठाऊक! पण सृष्टी आत आली, दारात थबकली, तिनं पाहिलं. ती आता बोलेल, असं मला वाटलं. तिनं बूट काढले, बामसेच्या डोक्यावर थोपटलं आणि आत निघून गेली.

स्वामींना बसवायची घोंगडी मी. आणि बामसे माझा कोपरा चघळत होता.

त्याच आठवड्यात रत्नम्माचा व्हिडिओ कॉल आला. सृष्टीनं फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. रत्नम्मा नवं वासरू दाखवत होती. बोलता बोलता ती थांबली.

"त्या कुत्र्याखाली काय हाय गं?"

"काही न्हाई अव्वा."

"फोन खाली कर."

सृष्टीनं फोन खाली केला. रत्नम्माचा चेहरा मला दिसला. पंधरा महिन्यांनी आम्ही एकमेकींना बघत होतो.

"तिला न्यायला मी पीठ काढलं व्हतं," रत्नम्मा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सृष्टीनं मला तेव्हाच उचललं. अंगणात नेऊन केस झटकले, घडी घातली आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिलं. ती रडत होती. पण मला माया वाटली नाही. पुढं पाच आठवडे रत्नम्मा फोनवर आली नाही. वीरण्णाच बोलायचा. "अव्वा कुठाय?" असं सृष्टीनं विचारलं की तो म्हणायचा, "कामात हाय." त्याला खोटं बोलता येत नाही, प्रत्येक वेळी तो खोकायचा.

याच दिवसांत इंगानं सृष्टीला विचारलं होतं, की आणखी दोन वर्षं राहशील का? पुढं शेत तूच बघ, मला मूलबाळ नाही. सृष्टीनं घरी हे सांगितलं नव्हतं. पण एकदा कपाट लावताना ती स्वतःशीच पुटपुटली, "तिकडं कुणी बोलतच न्हाई, तर जाऊन तरी काय करू?" ती राहणार होती. तिच्या स्वेटरसह.

ऑक्टोबरात पूर्वेकडून वारा सुटला. दोन दिवस बोट बंद. समुद्रानं काठावर वाहून आलेल्या गवताचे ढीग उचलून कुंपणावर फेकले. थंड प्रदेशातून आलेली हजारो रानबदकं शेतात दबून बसली होती, एकही उडेना. दुसऱ्या दुपारी पाणी किनाऱ्यालगतच्या खाऱ्या कुरणात शिरलं. तिथं चाळीस मेंढ्या होत्या. सृष्टी दुकानातून परत आली तर घरात इंगा नव्हती. ती एकटीच कुरणाकडं गेली होती.

सृष्टीचा रेनकोट भिजून चिंब झाला होता. तिनं तो फेकला, कपाट उघडलं आणि मला ओढलं. मला दुमडून डोक्यावरून खोळ केली, अगदी वीरण्णासारखी. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं लहानपणापासून नुसतं पाहिलं होतं. आत स्वेटर, वर मी. आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र निघालो.

मेंढ्या कुरणातल्या एका उंचवट्यावर गोळा झाल्या होत्या आणि इंगा वाटेतल्या चरात कमरेइतक्या पाण्यात अडकली होती. तिचा एक हात तारेला होता, दुसरा लोंबत होता. सृष्टी कुंपणावरून वाकली. स्वेटरची बाही काटेरी तारेत अडकली. ती थांबली नाही. तिनं हिसका दिला, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत बाही टर्र्कन फाटली.

मला तो आवाज ऐकू आला. मला आनंद झाला. बाई पाण्यात बुडते आहे, पोरगी जिवाच्या आकांतानं ओढते आहे, आणि मी आनंदले. मित्रांनो, याहून लाजेची गोष्ट माझ्याजवळ सांगण्यासारखी नाही.

सृष्टीनं इंगाला बाहेर खेचलं. तिनं फोन करून बोलावलेला शेजारी ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत तासभर गेला. तोवर त्या दोघी उंचवट्यावर मेंढ्यांना चिकटून बसल्या होत्या आणि मी दोघींवर होते. वारा मला फाडू बघत होता. मी फाटले नाही. इंगाचे दात वाजत होते. हळूहळू ते वाजायचे थांबले. फाटक्या बाहीचा स्वेटर माझ्याखाली ओलाचिंब झाला होता, आणि तोही सृष्टीच्या अंगाला ऊब देत होता. मला ते जाणवत होतं. मी कबूल मात्र केलं नाही.

सहा मेंढ्या वाहून गेल्या. बाकीच्या वाचल्या. इंगाचं मनगट मोडलं.

संध्याकाळी सृष्टी शेगडीजवळ बसून फाटकी बाही मांडीवर घेऊन रडली. इंगाला आता काही महिने विणता येणार नव्हतं. मी मागितलेलं सगळं मला मिळालं होतं. आणि मला सृष्टीच्या खांद्यावर जावंसं वाटत होतं. पण घोंगडीला पाय नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगानं माझ्यावरून डावा हात फिरवला आणि विचारलं, "हे काय आहे? कुठून आलं?" सृष्टीनं सगळं सांगितलं. काळ्या मेंढ्या, अप्पा, स्वामी, अव्वानं बाहेर काढलेलं पीठ.

इंगानं बामसेनं चघळलेला माझा कोपरा हातात धरला. मग म्हणाली, "कुत्र्याखाली घातली तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला लाज वाटली."

"कसली? कुत्र्याची, की घोंगडीची?"

सृष्टी माझा काठ सारखा करू लागली. इंगा म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव."

वीरण्णानं फोन उचलला. "अप्पा, अव्वाला दे. इंगाला बोलायचंय," सृष्टी म्हणाली. बराच वेळ नुसता छताचा पंखा दिसत राहिला. शेवटी रत्नम्मा आली, पदर डोक्यावर, ओठ घट्ट मिटलेले. इंगानं झोळीत बांधलेला हात छातीशी धरला आणि माफी मागितली. सृष्टीनं ती मराठीत सांगितली. इंगानं पाण्याचं, मेंढ्यांचं, माझंही सांगितलं.

रत्नम्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला म्हणावं, कुत्र्याला बी थंडी वाजतीच की." थोडं थांबून, "हात लई दुखतोय का तिचा?" आणि मग एकदम, "आन् हेबी सांग. पोरगी माझी हाय."

सृष्टी घुटमळली.

"सांग, सांग."

तिनं सांगितलं. इंगानं मान हलवली. "तिला म्हणावं, मला ठाऊक आहे. तिचा मला फार हेवा वाटतो."

हे मराठीत ऐकल्यावर रत्नम्मानं पदरानं नाक पुसलं. "लबाड हाय म्हातारी," ती म्हणाली, आणि पाच आठवड्यांनी हसली.

इंगानं मागितलेली दोन वर्षं तिनं स्वतःच मागं घेतली. सृष्टीला म्हणाली, "आधी घरी जा. मग यावंसं वाटलं तर ये. वारा नसेल तर बोट रोज असते." गुरुवारच्या बायकांनी मिळून स्वेटरची बाही नव्यानं विणली, ती जरा पिवळसर झाली. डिसेंबरात सृष्टीनं बॅग काढली. मला वाटलं, चला, आता घर. तेवढ्यात रत्नम्माचा फोन आला.

"घोंगडी आणू नको. म्हातारीला ऱ्हाऊ दे. मोडलेल्या हाडाला वारं लागतं."

माझ्या जागेवर बॅगेत स्वेटर गेला. बोट निघाली तेव्हा मी इंगाच्या खांद्यावर होते. मी रत्नम्माचा इतका राग कधीच केला नव्हता.

पंधरा दिवसांनी वेळ अमावस्या आली. या दिवशी लातूरकडची सगळी गावं ओस पडतात. माणसं शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर खातात. तिकडं दुपारच्या पंगती बसल्या होत्या, इकडं नुकतं उजाडत होतं. सृष्टीनं शेतातून कॉल लावला. खोपीसमोर रत्नम्मा उभी होती, आणि नऊवारीवर तिनं तो पांढरा स्वेटर घातला होता! भर उन्हात, कपाळावर घामाचे थेंब. पाहुण्या बायका बाहीला हात लावून बघत होत्या.

"काढ की आता, अव्वा," सृष्टी म्हणाली.

"अजून जळकोटची मंडळी यायची हायत," रत्नम्मा म्हणाली.

मी जळले. माळ्यावर गेले तरी दर वर्षी त्या खोपीत मीच अंथरलेली असायची. इंगानं मला उचलून कसंबसं पाठीवर घेतलं, तेव्हा फोनमधून रत्नम्माचा आवाज आला, "तसं न्हवं म्हणावं! काठ आत घे. डाव्या बगलंतून काढ. हां. आता दुखऱ्या हातावर घे." सृष्टी सांगत गेली, इंगा करत गेली. माझी जागा मी स्वतःही इतकी नीट सांगू शकले नसते. रत्नम्मा मला विसरली नव्हती.

हेवा गेला का, असं विचाराल तर नाही गेला. तो स्वेटर आत्ता निलंग्यात कुठल्या कपाटात असेल, कुणाच्या अंगावर असेल, हे माझ्या मनात रोज येतं. पण हेवा मला छळतो तो खुंटीवर असताना. कुणाच्या अंगावर असताना मला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी घोंगडी असेल, तर तिला देव्हाऱ्यात ठेवू नका आणि माळ्यावरही टाकू नका. ऊन दाखवा, झटका, आणि पांघरा. ती टोचेल. थोडं टोचू द्या.

बाहेर मेंढ्या ओरडायला लागल्या आहेत. इंगानं बूट चढवले, चारा घेतला, आणि आता ती डाव्या हातानं मला शोधते आहे.